चिलगोजाचे दोन ढीग

माझ्या नोकरीचं वर्णन माझ्या नवऱ्याने एका वाक्यात करून ठेवलं होतं. “आमची ही खायचा पगार घेते.” तो स्वतः त्याच बाजारात माथाडी होता, दिवसभर पाठीवर पोती वाहायचा, त्यामुळे त्याला असं बोलायचा हक्क होता. जावळीकडच्या आमच्या नातेवाइकांना मात्र ते खरंच वाटायचं. लग्नकार्यात भेटले की विचारायचे, “काजू रोज मिळतात का गं?” मिळायचे. पण कसे, ते कोणी विचारलं नाही. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून आता विचारलंय, तर सांगते.

वाशीच्या घाऊक बाजारात एका सुकामेव्याच्या गाळ्यात मी माल ‘पास’ करायचे. आलेल्या प्रत्येक मालातून वरचा, मधला आणि तळाचा असा नमुना काढायचा. वरचा माल नेहमी चांगला असतो, तो दाखवायला ठेवलेला असतो. खरं काय ते तळाला असतं. आधी बघायचा, मग हातात चुरडून हुंगायचा आणि शेवटी चावायचा. गिळायचा नाही. जीभ लगेच काही बोलत नाही, दहा-पंधरा श्वास थांबावं लागतं. खवट बदाम पहिल्या चाव्याला गोड लागतो, खवटपणा मागून येतो, घशाच्या तोंडाशी. दोन नमुन्यांच्या मध्ये साधे कुरमुरे आणि कोमट पाणी. एवढीच माझी हत्यारं.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. सोमवार ते शनिवार घरात लसूण नाही, कच्चा कांदा नाही, ठेचा नाही. सकाळी चहा प्यायल्यावर तासभर मालाला हात नाही. सातारा जिल्ह्यातल्या बाईने आठवड्याचे सहा दिवस ठेच्याशिवाय काढायचे ही काय शिक्षा असते, ते त्या जिल्ह्यातल्या माणसालाच कळेल. शनिवारी संध्याकाळी मी खलबत्ता काढला की आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळायचं, ताईंचं मार्केट बंद झालं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ मुलाच्या प्रत्येक परीक्षेआधी अक्रोड न्यायला यायचे आणि गंभीरपणे विचारायचे, “गणिताला यातले कुठले चालतील?” मी तेवढ्याच गंभीरपणे एका खोक्याकडे बोट दाखवायचे. मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा त्यांनी मला पेढे आणून दिले. मी ते खाल्ले. त्यात माझा काय वाटा होता, यावर मी फार विचार केला नाही.

माझं नाव झालं ते मनुकांमुळे. ट्रकभर मनुका आल्या होत्या, दिसायला देखण्या, वासही ठीक. मी एक चावली आणि थांबले. अगदी मागे, घशाशी, रॉकेलसारखं काहीतरी लागलं. मी म्हणाले, “हा माल नाही घ्यायचा.” ज्याचा माल होता तो भर गाळ्यात ओरडला, बाईमाणसाच्या जिभेवर धंदा चालवता का म्हणून. संध्याकाळी ड्रायव्हर कबूल झाला की वाटेत डिझेलचा कॅन कलंडला होता. त्या दिवसापासून धीरजशेठ, म्हणजे आमचे मालक, आलेल्या-गेलेल्याला सांगू लागले, “आपली ताईची जीभ म्हणजे हायकोर्ट. वर अपील नाय.” मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू? आणि त्या दिवसापासून मला ‘कदाचित’ म्हणायची सवय राहिली नाही.

आता चांगुणाबाईबद्दल.

गाळ्याच्या मागच्या बाजूला निवडायचं लांब टेबल होतं. आठ बायका डोक्याला प्लास्टिकची टोपी आणि अंगात एप्रन घालून बसायच्या. खडा, साल, किडका दाणा, तुटका दाणा बाजूला काढायचा. टेबलाच्या टोकाला, खिडकीपाशी, कोपरखैरण्याजवळच्या बोनकोडे गावची चांगुणाबाई. बावीस वर्षं तीच जागा. तिला कामाची गरज नव्हती. घराच्या खोल्या भाड्याने दिलेल्या, मुलगा कंपनीत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “घरान बसून काय भिती बघू?” पहिल्या भेटीत तिने मला मी कुठे राहते ते विचारलं होतं. मी कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्टर सांगितला. तिने मान हलवली. “म्हंजे आमचे शेतान ऱ्हाते तू.” तिथे तिच्या सासऱ्याचं भात पिकायचं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती नोंद होती. मी मात्र घरी जाऊन बाल्कनीतून खालच्या पार्किंगकडे जरा वेळ बघत राहिले.

चांगुणाबाईला मशेरीची सवय होती. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. बायका ती बोटाने दातांना लावतात. गाळ्यात तंबाखूला बंदी. पण तिची डबी कमरेला असायची आणि जेवणानंतर ती बाहेरच्या नळावर जाऊन लावायची. मी सुरुवातीला फार चिडले. मग आमच्यात एक रीत ठरली. ती कोपरापर्यंत दोनदा साबण लावून हात धुवायची, माझ्यासमोर येऊन दोन्ही तळवे नाकाखाली धरायची आणि म्हणायची, “हुंग.” मी हुंगायचे. साबणाखेरीज कधी काही सापडलं नाही. मी मान हलवली की ती टेबलावर बसायची. बावीस वर्षं, रोज. शेठ म्हणायचे, “या दोघींची दुपारची आरती झाली की माल चालू.”

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नसराईच्या आधी चिनी चिलगोजा आला. चिलगोजा म्हणजे पाइनच्या झाडाचं बी. आपला खरा चिलगोजा हिमाचलाकडचा, लांब, बारीक, तपकिरी सालीचा. त्याचा भाव ऐकला की गिऱ्हाईक हातातला दाणा परत खोक्यात ठेवतं. चीनकडून येतो तो दुसऱ्या पाइनचा, सोललेला, पांढरा, व्हॅक्यूमच्या पिशव्यांत बंद. मोठी हॉटेलं तो हिरव्या सॉसमध्ये वाटतात, सॅलडवर टाकतात. जासईच्या कंटेनर यार्डातून माल सुटून आमच्याकडे आला आणि त्यातला बराचसा हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका माणसाला आठवड्यात द्यायचा होता.

मी रीतसर वरचा, मधला, तळाचा नमुना घेतला. चावला, थांबले. गोडसर, लोण्यासारखा, मागून काही नाही. पास.

दुपारी टेबलापाशी गेले तर चांगुणाबाईने आपल्यासमोर दोन ढीग केले होते. किडका दाणा बाजूला काढल्यावर चांगल्या मालाचे दोन ढीग. असं कोणी करत नाही.

“हे काय?” मी विचारलं.

“ताय, ही दोन जातीची बी हाय. एके झाराची नाय.”

मी वाकून बघितलं. मला सगळे दाणे सारखेच दिसले. पांढरे.

“हा बघ,” तिने एक उचलला, “लांबट, तिकोनी, जरासा चमकतंय. आनि ह्यो आखूर, गोल, शालंतले खरूसारका. आमी भाताचं बी निवरायचो तवा येक दाना दुसरा आला तं सासू हातावर मारायची.”

“चव एकच आहे,” मी म्हणाले.

“चव तू बघ. मना दिसतंय ते सांगतंय.”

मी आखूड ढिगातला एक दाणा चावला. पहिल्यासारखाच गोड. मग, माल लवकर भरायचा होता म्हणून, मी तिच्यासमोर दोन्ही ढीग हाताने एक केले. तिने पुढचा माल ओढून घेतला आणि कामाला लागली. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त दाणे खाल्ले. तीन-तीन पिशव्या तपासायच्या होत्या, आणि खोटं कशाला सांगू, चव छान होती.

तिसऱ्या दिवशी सकाळचा चहा कडू लागला. वाटलं, पावडर उतरली असेल. मग पोळी कडू. केळं खाल्लं, तेही कडू. पितळेचा चमचा चघळावा तशी चव, आणि गोड पदार्थ जास्तच कडू. साधं पाणीसुद्धा सुटलं नाही. मी आरशात जीभ बघितली. गुलाबी, स्वच्छ, नेहमीचीच.

डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. सुताराचा हात मोडला तर तो गळ्यात बांधून सगळ्यांना दाखवता येतो. चव घेणारीची जीभ गेली तर दाखवायचं काय? शेठला कळलं तर उद्यापासून माझं काम काय, हा विचार रात्री झोपताना आणि सकाळी उठताना होता. मी कामावर जात राहिले. माल हुंगायचे, चुरडायचे, चावायचे, थांबायचे, मान हलवायचे. जीभ सोडून बाकी सगळं तेच. ते पाच-सहा दिवस मी डोळ्यांनी आणि सवयीने माल पास केला. त्यात वाईट काही निघालं नाही. नशीब होतं, कौशल्य नव्हे.

मग चिलगोजा परत आला. हॉटेलांतल्या लोकांची तक्रार होती, हा खाल्लेल्या काही जणांचं तोंड कडू पडलंय. शेठने सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं. परत आलेली पिशवी फोडून स्वतः चार दाणे तोंडात टाकले. “मला तर गोड लागते. ताई, तुमी बघा.”

मी चावला. कडू. माझ्या तोंडात तेव्हा साखरही कडू होती, पण ते कोणाला ठाऊक? आठही बायका माझ्याकडे बघत होत्या. शेठ बघत होते. मुनीम बघत होता. ‘मला काही कळत नाही, गेला आठवडाभर कळत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी कारण शोधत होते. समोर चांगुणाबाई बसली होती आणि एप्रनखालून तिची डबी दिसत होती.

“मशेरीचा हात लागला असेल,” मी म्हणाले.

मी अंदाज म्हणून बोलले. पण त्या गाळ्यात माझ्या अंदाजालाही अपील नव्हतं. शेठचा चेहरा उतरला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “चांगुणाबाय, मी कितीवार बोललो,” एवढंच म्हणाले. टेबलावर कुजबुज झाली.

चांगुणाबाई उठली. तेव्हा अकरा वाजले होते, मशेरीची वेळ झाली नव्हती. ती माझ्यासमोर आली आणि दोन्ही तळवे माझ्या नाकाखाली धरले.

“हुंग.”

मी हुंगलं. माझं नाक शाबूत होतं. साबणाचा वास आला, फक्त साबणाचा. मी मान हलवली नाही.

तिने हात खाली घेतले. मग तिने टोपी काढली, एप्रनची घडी घातली, दोन्ही खिडकीत ठेवलं आणि निघून गेली. शेठने थांबवलं नाही. मीही नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मेथीची भाजी मेथीसारखी लागली. म्हणजे कडूच, पण जेवढी असायला हवी तेवढी. चहा गोड झाला. जीभ गेली तशी आपली आपण परत आली. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी चांगुणाबाईचा विचार करायचा नाही असं ठरवलं. तिची खिडकीतली टोपी दुसरीने घेतली होती.

पुढच्याच आठवड्यात केळकर मॅडम आल्या. सानपाड्याला राहायच्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. घाऊक बाजारात येऊन पाव किलो मागणारं हे एकमेव गिऱ्हाईक. शेठ त्यांना बघून आत जायचे. त्यांनी चिनी चिलगोजा मागितला, तळहातावर घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अहो ताई, ही तर दोन वेगळ्या झाडांची बी आहेत.”

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं.

मॅडमना विषय मिळाला की त्या थांबत नसत. परदेशात मुलीकडे गेल्या असताना तिथल्या बागेत त्यांनी दोन्ही झाडं शेजारी शेजारी पाहिली होती. एक कोरियन पाइन. कोरियात, चीनच्या ईशान्येला, रशियाच्या टोकाला होतो. दुसरा चीनच्या मधल्या आणि नैर्ऋत्येच्या डोंगरांतला, त्याला अरमांड पाइन म्हणतात. दोघं एकाच कुळातले, लांबून सख्खे भाऊच वाटतात. दोघांच्याही सुया पाच-पाचच्या झुपक्यात येतात. पण कोरियनच्या सुया ताठ, दुसऱ्याच्या बारीक, सडसडीत, खाली लोंबणाऱ्या. “आणि गंमत त्यांच्या फळात, म्हणजे शंकूत,” मॅडम म्हणाल्या. “अरमांडचा शंकू पिकला की झाडावरच उघडतो आणि बी खाली पडतं. कोरियनचा पिकला तरी उघडत नाही. पक्ष्यांनी नाहीतर खारींनी फोडल्याशिवाय त्याचं बी बाहेर येत नाही. त्या ते पुरून ठेवतात, विसरतात, आणि विसरलेलं उगवतं.”

ते ऐकताना माझ्या मनात आलं, माझा स्वभाव त्या कोरियन झाडाचा. कोणी फोडल्याशिवाय तोंड उघडत नाही.

“कोरियनचा दाणा लांबट, तिकोनी, थोडा चकाकणारा,” त्या सांगत होत्या. “अरमांडचा आखूड, गोलसर, निस्तेज. आणि तो जपून हं. तो खाल्ल्यावर काही लोकांचं तोंड कडू पडतं. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. मग जे खाल ते कडू, आठवडा, दोन आठवडे. का होतं ते अजून नीट कोणाला सांगता येत नाही. सगळ्यांना होत नाही. धोका काही नाही, आपोआप जातं.”

“खाताना कळतं का?” मी विचारलं.

“छे! खाताना गोडच लागतो.”

मी त्यांना पाव किलो दिलं. लांबट दाणे वेचून दिले. वेचायला मला इतका वेळ लागला की त्या दोनदा म्हणाल्या, राहू द्या हो. चांगुणाबाईने हे बोलता बोलता केलं होतं.

शेठना सांगितलं तेव्हा ते हसले. “ताई, झाड तिकडे चायनामधी, कडू तोंड इकडे वाशीमधी, ते पण दोन दिवसानंतर? कोण मानेल?”

“मग खाऊन बघू या,” मी म्हणाले.

मी तासभर बसून दोन ढीग केले. आखूड दाणे मूठभर मी खाल्ले, मूठभर शेठनी. लांबट मुनीमजींना दिले. जीभ पुन्हा जाणार हे मला ठाऊक होतं. माझ्या पूर्ण नोकरीत मी मुद्दाम खराब माल गिळला तो तेवढा एकदाच. त्या दोन दिवसांत मी प्रत्येक घोट चहा घेताना वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा कडू लागला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच म्हणाले, “झालं.” नवऱ्याने विचारलं काय झालं. तेव्हा त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “त्या बाईकडं गेली होतीस का?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतीस?”

गाळ्यात पोचले तर शेठ हातात चहाचा ग्लास घेऊन दारातच उभे. “ताई, ये तो सच्ची कडवा हाय! घरी चहा कडू, श्रीखंड कडू. बायडी बोलते डॉक्टरला दाखवा. कधी जाईल?” मुनीमजी मात्र मजेत जिलबी खात होते. त्या दिवशी शेठनी उरलेला माल वेगळा काढला, देणाऱ्याला फोन लावला आणि तोंड कडू असल्यामुळे की काय, नेहमीपेक्षा कडक बोलले. तेव्हापासून आमच्याकडे कागदावर झाडाचं नाव बघितल्याशिवाय चिलगोजा उतरत नाही.

मग ते म्हणाले, “चांगुणाबायला बोलवून घ्या. काजूचा डबा घेऊन जा.”

डबा मी नेला नाही. दुपारी बोनकोड्याला गेले, चालतच. आमच्या सोसायटीपासून ते दहा मिनिटांवर आहे आणि बावीस वर्षांत मी तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. ती ओटीवर बसून सुका जवळा साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “बस.” सुनेने चहा आणला. कडू होता, मी पूर्ण प्यायले.

मी सांगितलं. दोन झाडं, दोन दाणे, तिसऱ्या दिवसाचं कडू तोंड. माझी जीभ गेली होती आणि मी ती लपवली, हेही. ती जवळ्यातला कचरा काढत राहिली.

“मी दोन जाती बोल्ले का नाय?”

“बोललीस.”

“मंग?”

“मी ढीग एक केले.”

“हां.”

“आणि त्या दिवशी तुझ्या हाताला फक्त साबणाचा वास होता. मला आला होता.”

तेव्हा तिचे हात थांबले. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “मना म्हाईत हाय तुना आला होता. तुजा तोंड बघत होते ना मी.”

मी माफी मागितली. शब्द काय वापरले आठवत नाही. साधेच असतील, मला फार बोलता येत नाही. तिने ती घेतली की नाही, कळलं नाही. जवळ आलेल्या कोंबडीला हाकलून ती म्हणाली, “मशेरी सोरली मी. चालीस वरसाची. त्या दिशी डबी खारीचे पान्यान टाकली.”

मला वाटलं, निदान एवढं तरी चांगलं झालं. पण ती पुढे बोलत होती.

“बाजूला पोरीचा लगीन हाय. हे आलीन अक्षतांचा तांदूल आजवर माजे बिगर कोनी निवरला नाय. येक तुटका दाना जात नाय माजे हातातना. ह्या वक्ताला बोलावला नाय मना. साऱ्या गावान झाला, चांगुनाचे हाताला तंबाखू.” तिने पलीकडच्या मांडवाकडे हनुवटीने दाखवलं. “बसल्यान बग आता. ऐकाला येतंय.”

खरंच ऐकू येत होतं. सुपात तांदूळ पाखडायचा आवाज आणि बायकांचं बोलणं. माझ्या एका वाक्याने तिची नोकरी गेली हे मला ठाऊक होतं. पण नोकरीची तिला गरज नव्हतीच. गेलं होतं ते दुसरंच काही, आणि ते दहा पावलांवर चाललं होतं.

“चल,” मी म्हणाले.

“कुटं?”

“तिथे.”

“तू सांगशील? सगल्यांम्होरं? तुजी जीभ चुकली म्हनून?”

“सांगेन.”

ती गाळ्यात कामाला परत आली नाही, हे आधीच सांगून टाकते. शेठनी तीनदा निरोप धाडला. शेवटी एक दिवस आली, नव्या बायकांना दोन दाणे कसे ओळखायचे ते शिकवलं, खुर्चीवर बसून. टेबलावरच्या जागेकडे बघितलंही नाही. संध्याकाळी शेठना नमस्कार केला आणि गेली. मी निवृत्त होईपर्यंत त्या खिडकीपाशी कोणी नवीन बसलं की मला पहिले काही दिवस त्या बाजूला जाववत नसे.

तर मांडवात आम्ही गेलो तेव्हा सात-आठ बायका गोल करून बसल्या होत्या. त्यांत आमच्याच टेबलावरची एक होती. गावात बातमी तिनेच आणलेली असणार. मला बघून तिने पदर सारखा केला. नवरीची आई उठली, “या ताई” म्हणाली, चांगुणाबाईकडे तिने बघितलं नाही.

मी उभ्या उभ्याच बोलले. बसले असते तर पुन्हा उठायला जमलं नसतं. “मी वाशीच्या गाळ्यात माल तपासते. चांगुणाबाईच्या हाताला तंबाखू होती असं मी म्हणाले होते. ते खोटं होतं. तो दाणाच तसला होता. तिने तो ओळखला होता, मी ऐकलं नाही. माझी चूक झाली आणि ती मी तिच्या नावावर घातली.”

सूप थांबलं होतं. आमच्या टेबलावरची बाई जमिनीकडे बघत होती. मग नवरीची आई हळूच म्हणाली, “मंग बस ना चांगुना. तांदूल हाय अजून.”

चांगुणाबाई बसली नाही. ती मांडवाच्या कडेच्या नळावर गेली. वडी घेतली, कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, पुन्हा लावला, पुन्हा धुतला. घाई केली नाही. हात झटकत परत आली आणि सगळ्या बायकांच्या मधोमध उभी राहून दोन्ही ओले तळवे माझ्या नाकाखाली धरले.

“हुंग.”

मी वाकून हुंगलं. तोंड अजून कडूच होतं, पण नाकाचं ठीक होतं.

“साबण,” मी गोलातल्या पार पलीकडच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. “दुसरं काही नाही.”

तिने मान हलवली आणि सूप आपल्याकडे ओढलं.